शाहिराला सकाळचं सत्र द्या



मराठी साहित्य संमेलनाची कुठलीही कार्यक्रमपत्रिका उघडून पाहा. सकाळी परिसंवाद, दुपारी कविसंमेलन आणि जेवणं उरकल्यावर, रात्री, लोककला. विचार दिवसा आणि ढोलकी रात्री, अशी ही वाटणी आहे. ही वाटणी खोटी आहे, आणि या व्यासपीठावरून तिच्याविरुद्ध उभं राहणं हेच आजच्या अध्यक्षाचं काम आहे. महाराष्ट्राने आपले मोठे राजकीय वाद पुस्तकांत कमी आणि फडावर, जलशात, रंगमंचावर, पडद्यावर जास्त लढवले. साहित्यिकांनी त्याला करमणूक म्हटलं. सत्तेने मात्र तशी चूक कधी केली नाही.

इंग्रजांनी १८७६ मध्ये नाटकांसाठी स्वतंत्र कायदा केला. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसू लागला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. स्वातंत्र्यानंतर आपल्याच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. कारण दिलं अश्लीलतेचं. पण त्याच फडावर सावकार, भांडवलदार आणि मंत्रीही चव्हाट्यावर येत होते, हे विसरून चालणार नाही.

आणि फक्त सरकारांनाच दोष का द्यावा? जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं. एक जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहांचं भय घालतो, तिच्या नवऱ्याला कर्जात लोटतो, आणि शेवटी ते जोडपं शिकायला रात्रीच्या शाळेकडे वळतं. मधूनमधून विदूषक थेट प्रेक्षकांशी बोलतो, जोशाचं कपट उघडं करतो. शेतकऱ्याला कळेल अशा बोलीत लिहिलेलं राजकीय अर्थशास्त्रच होतं ते. कमिटीने ते नाकारलं. ते छापून यायला १९७९ साल उजाडलं. ज्या ग्रंथकार सभेपासून आपण आपल्या संमेलनांची परंपरा सांगतो, तिचं न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेलं निमंत्रण याच फुल्यांनी १८८५ मध्ये धुडकावलं. सगळ्या माणसांना हक्क द्यायला जे तयार नाहीत त्यांच्या सभांतून आणि ग्रंथांतून आमच्या वाट्याला काय येणार, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्याचं उत्तर अजून कुठल्याही संमेलनाने नीट दिलेलं नाही.

अण्णा भाऊ साठे शाळेत गेले ते जेमतेम दीड दिवस. गिरणीत राबलेला, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहून तिथल्या डासांवरही गाणं रचणारा हा माणूस १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकात उभा राहिला. त्यांनी तमाशाचं काय केलं ते बारकाईने पाहा. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आलं. गवळण गेली. बतावणी आणि वगात सावकार, दलाल, गिरणीमालक आले. साचा जुना राहिला, म्हणून गावातला माणूस बिचकला नाही. आशय पार बदलला, म्हणून सरकार बिचकलं. बंदी आली तेव्हा तीच मांडणी लोकनाट्य म्हणून पुन्हा उभी राहिली आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानंच्या मैदानं तिने भरली. राजकीय विचारांना रूप देण्याची एवढी मोठी कामगिरी त्या काळातल्या किती निबंधकारांच्या नावावर आहे? अण्णा भाऊ १९६९ मध्ये गेले. अखिल भारतीय संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं नाही.

तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात उभं राहिलं आणि एकोणीस प्रयोगांनंतर ते सादर करणाऱ्या संस्थेनेच थांबवलं. वाद पेटला तो नाना फडणविसांच्या इतिहासावर. त्या नाटकातली माणसांची भिंत मात्र चर्चेत मागे पडली. ती रांग नाचत-गात पुढे येते, आडोसा होते, आणि तिच्या पाठीमागे नको ते घडून जातं. लोकरंगभूमीतून आलेल्या त्या रांगेत तेंडुलकरांची अख्खी राजकीय मांडणी आहे: गुन्हा एकट्याचा नसतो, तो झाकणारी रांग लागते.

कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात १९७५ मध्ये, आणीबाणीत, दुर्गा भागवत अध्यक्षपदावरून निर्भयपणे बोलल्या. त्याच दुर्गाबाईंनी ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ लिहिली, हे दोन्ही एका दमात सांगितलं पाहिजे. ओव्या आणि कहाण्यांत आयुष्य घालवलेली ही बाई सत्तेपुढे वाकली नाही, हा योगायोग नव्हे.

आता आजचं. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ मध्ये आला आणि ‘झिंगाट’वर सगळा महाराष्ट्र नाचला. वरातीत वाजलं, मिरवणुकीत वाजलं, पक्षांच्या विजयोत्सवातही वाजलं. जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्याच्या खुनानंतर चित्रपट त्यांच्या ज्या लहानग्याच्या रक्ताळलेल्या पावलांवर संपतो ती पावलं कुठल्या वरातीला आठवली? जात जुळवून ठरवलेल्या लग्नात तेच गाणं वाजवणारा समाज मंजुळे यांच्या प्रश्नाला उत्तर देणं टाळतो आहे, आणि साहित्य-समीक्षा ‘लोकप्रिय’ एवढा शिक्का मारून त्याला टाळू देते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये वृद्ध शाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप आहे, की त्यांच्या गाण्यामुळे एका गटार सफाई कामगाराने जीव दिला. मग त्या कामगाराची बायको साक्ष देते. गटारात उतरण्यापूर्वी तो खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत जाण्याजोगी हवा आहे असं समजायचा. सुरक्षेचं साधन म्हणून त्याच्याजवळ होता तो खडाच. जातीव्यवस्था, नगरप्रशासन आणि न्यायालय या तिन्हींबद्दल एवढं थेट विधान मराठी गद्यात अलीकडे क्वचितच झालं असेल. ते एका सिनेमाने केलं, आणि आपण त्याला ‘दृश्य माध्यम’ म्हणून वेगळ्या मांडवात बसवतो.

म्हणून आयोजकांकडे या खुर्चीवरून स्पष्ट मागण्या आहेत. तमाशा फडांच्या पेट्यांत पडलेल्या वगांच्या वह्या जमवा, संपादित करा, छापा. शाहिराला आणि वगसम्राटाला व्याख्यात्याएवढंच मानधन द्या, आणि ते कार्यक्रमाआधी द्या. निवडणुकीत प्रचाराला भाड्याने घेतलेल्या कलापथकांवर आणि त्यांच्या कवनांवर अभ्यासकांकडून निबंध लिहून घ्या, कारण आजचं राजकारण तिथे जास्त खरं दिसतं. पुढच्या वर्षी सकाळी दहाच्या सत्रात एक अख्खा वग होऊ दे. आणि त्यानंतरचा परिसंवाद त्याच वगावर ठेवा: त्यातल्या राजावर, त्याच्या प्रधानावर, आणि भर दरबारात दोघांनाही उलटा प्रश्न विचारणाऱ्या सोंगाड्यावर.