लुइस बॅलर्ड यांचें पुण्यस्मरण
(ज्युबिली वर्षांत मृतांच्या स्मरणदिनीं गायकवृंदापुढें केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामांतील दिवंगत गायकांसाठीं आपण आतांच मिस्साबलि अर्पण केला. त्यांच्यासमवेत सातासमुद्रांपलीकडील एका संगीतकाराचेंही नांव आम्ही आपणापुढें ठेवतों.

लुइस बॅलर्ड यांचा जन्म १९३१ सालीं अमेरिकेंतील ओक्लाहोमा प्रांतांत, क्वापॉ व चेरोकी ह्या मूळ जमातींच्या कुळीं झाला. सहाव्या वर्षीं त्यांना वसतिगृहाच्या शाळेंत धाडण्यांत आलें. तेथें मातृभाषा बोलणें व पूर्वजांचें नृत्य करणें हे अपराध ठरत, आणि त्यांबद्दल शिक्षा होई.

त्याच बालकानें पुढें टल्सा विद्यापीठांत पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचें अध्ययन करून १९६२ सालीं उच्च पदवी संपादिली; आणि त्या विद्येच्या बळावर आपल्या लोकांचे ढोल व खुळखुळे वाद्यवृंदांत सन्मानानें आणून बसविले. १९६७ सालीं 'द फोर मून्स' ह्या नृत्यनाट्यास त्यांनीं संगीत दिलें. वूंडेड नी येथें १८९० सालीं सैन्यानें लाकोटा जमातीचीं शेंकडो माणसें, बायकामुलांसह, मारलीं. त्या स्थळाचें नांव त्यांच्या १९७४ च्या रचनेस आहे. विशेष हें कीं, मूळ जमातींच्या सरकारी शाळांचा संगीत-अभ्यासक्रमच पुढें त्यांच्या हातीं आला, आणि जीं गीतें मुखांतून काढून घेतलीं होतीं तीं त्यांनीं मुलांना परत शिकविलीं. ९ फेब्रुवारी २००७ रोजीं सांता फे येथें त्यांस देवाज्ञा झाली.

शोक करणारानें सत्य लपवूं नये. कॅनडांतील अशा पुष्कळ शाळा आपल्याच ख्रिस्तसभेच्या संस्था चालवीत असत. पोप फ्रान्सिस यांनीं २५ जुलै २०२२ रोजीं तेथील मूळ लोकांपुढें उभें राहून त्याबद्दल क्षमा मागितली. शुभवर्तमानाला कोणाची जीभ कापण्याची गरज नाहीं. फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं ख्रिस्तपुराण छापून काढलें तें आपल्या ओवींतच. आणि १९६३ सालीं व्हॅटिकन परिषदेनेंही लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस उपासनेंत योग्य मान देण्यास सांगितलें.

म्हणून तरुण गायकहो, बॅलर्ड यांचें सुतक केवळ मेणबत्त्या लावून फिटणार नाहीं. आपल्या घरोघरीं लग्नाचीं व दळणाचीं गाणीं जाणणाऱ्या आजीबाई अद्याप आहेत. येत्या उपासकाळापूर्वीं प्रत्येकानें एकीजवळ बसून एक गाणें शब्दशः उतरून घ्यावें व त्याची चाल शिकावी. त्या शिकवावयास आहेत तोंवरच हें काम होण्याजोगें आहे.

प्रभु आपल्या ह्या सेवकास व आपल्या सर्व मृतांस चिरविश्रांति देवो. आमेन.