बरणीला तडा का जातो?

आज आपण काचेविषयी बोलणार आहोत. आरशाची, बांगडीची काच नव्हे, आपल्या गटात मुरंबा, साखरांबा आणि लोणचं भरतो त्या बरणीची काच.

आवळ्याचा मुरंबा भरायचा दिवस आठवा. साखर, आवळे, वेलची, गॅस, सगळ्यांत गटाचे पैसे घातलेले असतात. बायकांची दोन दिवसांची मेहनत असते. गरम मुरंबा बरणीत ओतावा आणि ‘टक्’ असा आवाज यावा! बरणी जाते आणि आतला मालही जातो. मग कुणी म्हणतं, बरणीच वाईट होती. कुणी म्हणतं, नजर लागली. आम्ही म्हणतो, आधी काचेचा स्वभाव समजून घेऊ.

काच कशाची बनते? वाळू, सोडा आणि चुनखडी यांची. हे सगळं भट्टीत सुमारे 1500 अंशांवर वितळवतात. आपल्याकडे तळेगाव दाभाडे इथे 1908 साली असा कारखाना उभा राहिला. त्यासाठी लोकांकडून पैसा पैसा गोळा केला होता, म्हणून त्याचं नाव पैसा फंड काच कारखाना. बचत गटाच्या बायांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

काचेचे गुण पुष्कळ. तिला बारीक छिद्रं नसतात, म्हणून ती तेल पीत नाही आणि वास धरत नाही. काल मिरचीचं लोणचं होतं, तीच बरणी धुऊन आज साखरांब्याला चालते. मीठ, चिंच, लिंबू यांनी पत्रा गंजतो, अ‍ॅल्युमिनियम काळवंडतं. काचेला त्यांचं काही होत नाही. म्हणून आंबट-खारट मालाला काचच बरी.

पण तिचे तीन अवगुणही आहेत. पहिला, तिच्यातून उष्णता फार हळू पसरते. स्टीलच्या पेल्यात चहा ओतला की क्षणात बाहेरून चटका बसतो. काचेचा पेला बाहेरून तापायला वेळ घेतो. दुसरा, काच वाकत नाही. पातेलं पडलं तर पोचा येतो, काच पडली तर तुकडे होतात. तिसरा, काच दाब पुष्कळ सोसते, पण ताण सोसत नाही.

आता हे तिन्ही एकत्र करा. गार बरणीत गरम मुरंबा पडला. आतला थर लगेच तापला आणि फुगू लागला. बाहेरचा थर अजून गारच आहे, तो फुगायला तयार नाही. आतला थर बाहेरच्याला ओढतो, बाहेरच्यावर ताण येतो आणि तडा जातो. गंमत अशी, की तापल्यावर स्टील काचेपेक्षा जास्त फुगतं. पण स्टीलमध्ये उष्णता चटकन सगळीकडे पोचते आणि ते थोडं वाकूनही घेतं, म्हणून ते फुटत नाही. म्हणजे नुसत्या उष्णतेनं बरणी फुटत नाही. आत आणि बाहेर एकदम पडलेल्या फरकानं फुटते.

किती फरक चालतो? साधी चांगली बरणी एकदम पडलेला सुमारे 40 अंशांचा फरक सोसते, असं धरून चालावं. मुरंबा आपण साधारण 85 अंशांवर, गरमच भरतो. थंडीतल्या सकाळी फरशीवर ठेवलेली बरणी 15 अंशांवर असते. फरक झाला 70 अंशांचा! मे महिन्यात साखरांबा भरताना तीच बरणी 38 अंशांवर असते, तेव्हा फरक 47 वर येतो. म्हणून आवळ्याच्या हंगामात बरण्या जास्त दगा देतात.

पुष्कळ जणी जाड बरणी मजबूत समजून घेतात. पडायच्या बाबतीत ते खरं असेल. पण जाड काचेत आतली उष्णता बाहेर पोचायला आणखी वेळ लागतो, म्हणून गरम माल भरताना जाड बरणीच आधी तडकू शकते.

तापलेली काच एकदम गार करणं तर त्याहून धोक्याचं. कंदिलाच्या तापल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की काय होतं, ते आपल्या सासूबाईंनी पाहिलेलं आहे. अमेरिकेत रेल्वेच्या सिग्नलच्या कंदिलांना हाच त्रास होता. तिथल्या कॉर्निंग गावच्या कारखान्यानं त्यासाठी कमी फुगणारी काच बनवली. त्या कारखान्यातल्या एका शास्त्रज्ञाची बायको बेसी लिटलटन. 1913 साली तिनं त्या काचेच्या बॅटरीच्या बरणीचा कापलेला तळ घेतला आणि त्यात भट्टीत चक्क केक भाजला. काच तडकली नाही आणि केक छान झाला. दोन वर्षांनी, 1915 मध्ये, स्वयंपाकाची काचेची भांडी बाजारात आली. कारखान्याला ही वाट एका बाईच्या स्वयंपाकघरानं दाखवली! अशा काचेला बोरोसिलिकेट म्हणतात. ती साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश फुगते. पण ती महाग असते. आपण मालासाठी घेतो त्या बरण्या बहुधा साध्या काचेच्याच असतात, त्यामुळे काळजी आपणच घ्यायची.

आता भरायच्या दिवशी काय करायचं, ते ऐका.

आधी बरणी उजेडात धरून फिरवून पाहा. कडेवरून पातळ फडकं फिरवा. दोरा अडकला तर कड उडालेली आहे, ती बरणी बाजूला काढा. काच कापणारा काय करतो? हिऱ्यानं एक ओरखडा काढतो आणि तिथेच काच मोडतो. तडा ओरखड्यापासून सुरू होतो. म्हणून बरणी तारेच्या घासणीनं किंवा राख-वाळूनं घासू नका.

पातेल्याच्या तळाशी फडकं घाला. बरण्या गार पाण्यात ठेवा आणि मग पाणी तापवा. उकळत्या पाण्यात गार बरणी कधीही टाकू नका. पाणी दहा मिनिटं उकळलं की बरण्या चिमट्यानं काढून लाकडी पाटावर किंवा घडी घातलेल्या कोरड्या कापडावर उपड्या ठेवा. पाणी निथळलं, बरणी वाळली, की ती गरम असतानाच मुरंबा भरा. वर अर्धा बोट जागा सोडा.

भरलेली बरणी ओल्या ओट्यावर किंवा शहाबादी फरशीवर ठेवू नका. पंख्याखाली ठेवू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका. तिची ती निवू द्या. कारखान्यातही नवी बाटली लांब बोगद्यातून हळूहळू निववतात, नाहीतर तिच्यात ताण राहून जातो. लोणच्याची फोडणी पूर्ण गार करून घालायची, ही जुन्या बायांची रीत लोणचं टिकावं म्हणून होती. काचेच्या बरणीत तीच रीत बरणीही वाचवते.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. एवढं करूनही बरणी फुटलीच, तर तिच्यातला माल गाळून वापरायचा नाही. पाकात काचेचा तुकडा दिसत नाही. जवळ उघड्या ठेवलेल्या बरण्यांतलाही माल टाकून द्यायचा. जीव हळहळतो, मान्य आहे. पण तो तुकडा एखाद्या लेकराच्या घशात गेला, तर ते नुकसान कोणत्या हिशेबात बसवणार? मुरंबा पुन्हा करता येतो. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून भंगारवाल्याला द्या, ती वितळवून पुन्हा नवी बरणी होते.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत गटातल्या सगळ्या बरण्या बाहेर काढा, उजेडात धरा आणि कडा तपासा. बरण्या तापवणं आणि निववणं हे काम दोघींनी वाटून घ्या. त्या दिवशी त्या दोघींना दुसरं काम सांगू नका.