आईचा उंबरा

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या भगिनींनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, मला भाषण येत नाही. त्या म्हणाल्या, तुमच्यावर गुदरले तेच सांगा. म्हणून आज मी एकटीने लेकरू वाढवणाऱ्या बाईविषयी आणि तिच्या आईविषयी बोलणार आहे.

पटाचारेची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. श्रावस्तीच्या श्रीमंत घरातली ही मुलगी आईबापांना न सांगता घरच्या नोकराबरोबर निघून गेली. बाळंतपणाची वेळ आली की तिला माहेर आठवायचे. दुसऱ्या खेपेला ती निघाली, पण वाटेत नवरा साप चावून गेला, एक लेकरू ससाण्याने नेले, दुसरे नदीत वाहून गेले. आणि श्रावस्तीला पोचते तर वादळात घर कोसळून आई, बाप, भाऊ तिघेही गेलेले. पुढे तथागतांनी तिला सावरले, ती थोर भिक्खुणी झाली, विनयात अग्र ठरली. पण मला नेहमी वाटते, तिची आई मनात काय म्हणत असेल? लेकीची वाट पाहत असेल का? ते पटाचारेला कधीच कळले नाही. तिला उशीर झाला. मलाही नऊ वर्षांचा उशीर झाला होता.

१९९६ साली मी दोन वर्षांची मुलगी कडेवर घेऊन नवऱ्याच्या घरातून निघाले. का निघाले ते सांगत बसत नाही, इथल्या बऱ्याच जणींना ते न सांगताच कळेल. आपल्या याच तालुक्यात माझे माहेर आहे. आईने रात्री भाकरी वाढली आणि सकाळी म्हणाली, "पोरी, आपल्या घरला जा." मी गेले, पण नवऱ्याकडे नाही. कर्जतला खोली घेतली, लोकांचे ब्लाउज शिवले, अंगणवाडीत मदतनीस झाले. आईने एकदा नातलगाबरोबर ज्वारीचे पोते पाठवले. मी त्याची दोरीसुद्धा न सोडता ते माघारी धाडले. बायांनो, त्या दिवशी मला फार मोठा स्वाभिमान वाटला होता!

पुढे एका ताईंनी मला उर्मिला पवार यांचे 'आयदान' वाचायला दिले. २००३ साली ग्रंथालीने काढलेले हे आत्मकथन. मीनाक्षी मून यांच्याबरोबर 'आम्हीही इतिहास घडवला' हे आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचे पुस्तक लिहिणाऱ्या त्याच या लेखिका. आयदान म्हणजे कोकणात बांबूच्या सुपाटोपल्यांना म्हणतात. लेखिका लहान असतानाच शिक्षक असलेले वडील वारले आणि आईने आयदाने विणून, ती विकून मुले शिकवली. दिवसभर विणत बसलेली, मायेचा शब्द फारसा न बोलणारी अशी ती आई. पुढे लेखिकेचा स्वतःचा तरुण मुलगा गेला. आईच्या विणण्याशी त्या आपल्या लिहिण्याचे नाते जोडतात, दोन्हींत दुःखाचाच धागा आहे.

ते वाचून मला माझी आई दिसली. १९७२ च्या दुष्काळात मी चार वर्षांची होते. वडील नुकतेच गेले होते. आई खडी फोडायला जायची, मी बाभळीखाली झोपलेली असायची. मिळालेली सुकडी ती पदरात बांधून आणायची. खडी आणि सुकडी मला माहीत होती. पण पंचविशीतल्या एकट्या बाईने त्या कामावर आणि आल्यावर गावात काय काय सोसले, हे मी कधी विचारलेच नव्हते.

रविवारी मुलीला घेऊन गेले. आईने एक शब्द न बोलता चहा ठेवला. रात्री मी विचारले, त्या दिवशी ठेवून का नाही घेतलंस? ती म्हणाली, "बिनधन्याच्या बाईला लोक काय करत्यात ते म्या बघितलंय. तुला ते दावायचं न्हवतं." थोड्या वेळाने म्हणाली, "पोतं माघारी आलं तवा शेजारणीला सांगितलं, लेकीकडं ज्वारी लई झालीया." मग आम्ही दोघीही रडलो आणि हसलोही.

तिचे चुकलेच. लेकीला परत पाठवणे चूकच होते. पण ती चूक भीतीची होती, मायेची कमी नव्हती. हे कळायला मला स्वतः एकटीने मूल वाढवावे लागले.

सिगालोवाद सुत्तात मुलांची आईबापांप्रती पाच कर्तव्ये आहेत, तशी आईबापांचीही पाच आहेत. आपण मात्र मुलांना पहिलीच यादी ऐकवतो. आयांनो, लेक रात्री दारात उभी राहिली तर सकाळी तिला परत धाडू नका. आणि लेकींनो, आई चुकली असेल तर तिला विचारा, पण ती असेपर्यंत विचारा.

आज तिच्यासाठी पुष्कळ वाटा आहेत. पोटगीचे जुने कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. विधवा व निराधार भगिनींसाठी संजय गांधी योजना आहे. एका पालकाच्या मुलांना सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज लिहिता येत नसेल तर विहारात या, आम्ही लिहून देऊ.

शेवटचे सांगते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आपल्या राज्यात आधी आईचे नाव लागते. त्याच वर्षी मला नात झाली. माझ्या म्हाताऱ्या आईने तो जन्मदाखला हातात घेतला आणि विचारले, "ह्यात पोरीच्या आईचं नाव कुठं हाय?" मी तिचे बोट धरून अक्षरांवर ठेवले. ती बराच वेळ ते बोट काढीना.

इथे बसलेल्यांपैकी ज्यांचे आईशी बोलणे बंद असेल, त्यांनी आज घरी जाताना वाट वाकडी करून तिच्या उंबऱ्याला जाऊन यावे. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते.

नमो बुद्धाय! जयभीम!