वाचकाच्या अनुपस्थितीत



दिवाणी न्यायालयात वादी असतो, प्रतिवादी असतो आणि दोघांच्या भांडणाचा निवाडा करणारा न्यायाधीश असतो. परंतु २०११ पासून भारतातील उच्च न्यायालयांतून एका निराळ्याच जातीचे हुकूम निघू लागले. त्यांची झळ ज्याला लागते तो वादीही नसतो, प्रतिवादीही नसतो. कॉपीराइटच्या रक्षणासाठी संकेतस्थळे बंद करण्याच्या या आदेशांत तो तिसरा माणूस म्हणजे वाचक, प्रेक्षक, विद्यार्थी. त्याच्या अनुपस्थितीत त्याच्या दाराला कुलूप लागते.

या आदेशांची रीत अशी. चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच निर्माता न्यायालयात जातो. चोरी अद्याप व्हावयाची असते आणि चोर कोण हे ठाऊक नसते. म्हणून प्रतिवादीच्या जागी 'अशोक कुमार' असे कल्पित नाव घालतात. अमेरिकेतील 'जॉन डो'चा हा भारतीय अवतार. हुकूम मात्र बजावला जातो तो इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांवर. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ अन्वये सरकारला मजकूर रोखता येतो, पण त्यासाठी दिलेली कारणे देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी आहेत. कॉपीराइटचा त्यात उल्लेख नाही. संसदेने मोकळी ठेवलेली ही जागा न्यायालयांनी मनाई हुकमाच्या आपल्या सर्वसाधारण अधिकारातून भरून काढली आहे.

ती कशी भरली गेली? २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका आदेशाचा आधार घेऊन कंपन्यांनी 'व्हिमिओ'सारखी संपूर्ण संकेतस्थळेच बंद केली. त्यांवर जगभरचे हौशी आणि व्यावसायिक कलावंत स्वतःचे चित्रपट स्वतःच ठेवीत होते. बंदी विशिष्ट पत्त्यांपुरतीच आहे, असा खुलासा न्यायालयाला त्या जूनमध्ये करावा लागला. २०१४ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलेल्या ४७२ संकेतस्थळांच्या यादीत चक्क 'गूगल डॉक्स'चे नाव होते. पुढे यादी २१९ वर आली. वगळलेल्या नावांवर ती मुळात आलीच कशी, याचा जाब कोणाला विचारला गेला असे दिसत नाही. २०१७ मध्ये तर दोन हिंदी चित्रपटांच्या रक्षणासाठी बंद केलेल्या अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळांत 'इंटरनेट अर्काइव्ह' हे जुन्या पानांचे जागतिक दफ्तरही सापडले. मासा एक आणि जाळे साऱ्या तळ्यावर, असा हा प्रकार.

या सरसकटपणाला मुंबई उच्च न्यायालयाने एकदा आळा घातला होता, त्याची आठवण महाराष्ट्रात तरी राहावयास हवी. जुलै २०१६ मध्ये 'ढिशूम' या चित्रपटाच्या दाव्यात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी संपूर्ण संकेतस्थळे बंद करण्यास नकार दिला. निर्मात्याने एकेक दुवा तपासावा, तपासणीची जबाबदारी प्रतिज्ञापत्रावर घ्यावी, मगच तेवढ्या दुव्यांपुरता आदेश मिळेल, असे त्यांनी ठरविले. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढची. बंद पानावर आदेशाची माहिती द्यावी आणि ज्याला अन्याय झाला असे वाटेल त्याने कोठे दाद मागावी हेही तेथेच लिहावे, असे त्यांनी फर्मावले. नुसते पान पाहणे हाही गुन्हा आहे अशा अर्थाची धमकी त्या सूचनेत आली, तेव्हा पाहणे हा गुन्हा नव्हे असे सांगून त्यांनी ती दुरुस्त करविली. वाचक नावाचा कोणी प्राणी आहे, ही जाणीव त्या कागदपत्रांत दिसते.

देशाचा ओघ मात्र उलट दिशेने गेला. त्याच जुलैत दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पूर्ण संकेतस्थळ बंद करणे ग्राह्य मानले. एक पत्ता बंद केला की चोर दुसरा उघडतो, हा त्यामागचा विचार अगदीच निराधार नव्हता. एप्रिल २०१९ मध्ये 'गतिमान' मनाई हुकूम आला. नवे प्रतिरूप संकेतस्थळ निघाले की वादीने सहनिबंधकांकडे अर्ज करावा आणि जुना हुकूम नव्यास लागू व्हावा. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने अद्याप निर्माणच न झालेल्या कृतींनाही अशा हुकमाचे छत्र दिले. न लिहिलेल्या पुस्तकाच्या न झालेल्या चोरीसाठी आजच दार बंद, इथवर हा प्रवास आला आहे.

चित्रपटाच्या बाबतीत या सर्वाचे काही समर्थन करता येईल. चित्रपटात शेकडो तंत्रज्ञांची मजुरी गुंतलेली असते. मराठी पुस्तकांच्या चोरट्या प्रती मोबाइलवरून फिरतात तेव्हा लहान प्रकाशक आणि लेखक यांच्याच तोंडचा घास जातो. लेखकाच्या श्रमाचे मोल नाकारणे हा समाजवाद नव्हे. पण हाच न्याय संशोधन-निबंधांना लावला की सारे चित्र पालटते.

डिसेंबर २०२० मध्ये एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी 'साय-हब' बंद करावे म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाकियान यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या या संकेतस्थळावर कोट्यवधी शोधनिबंध विनामूल्य मिळत. हे निबंध लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला प्रकाशक मानधन देत नाहीत. ते तपासून देणारे सहव्यवसायीही बहुधा फुकटच राबतात. संशोधनाचा मोठा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. स्वामित्वहक्क मात्र सही करून प्रकाशकाच्या हवाली केला जातो आणि तोच निबंध त्याच विद्यापीठाला विकत घ्यावा लागतो. एल्सेव्हियरच्या मालक कंपनीच्या या विभागाचा नफा उत्पन्नाच्या पस्तीस टक्क्यांहून अधिक असतो. येथे 'चोरी' या शब्दाचा अर्थ लावताना थोडे थांबावेच लागते.

सरकारलाही ही अडचण कळली असावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके आणि सहा हजारांहून अधिक सरकारी संस्था, असा तिचा आवाका. ही सोय स्वागतार्ह आहे. तरी घोषणेनुसार ती सरकारी संस्थांच्या छत्राखालील लोकांसाठी आहे. तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणारा डॉक्टर, निवृत्त प्राध्यापक, धरणग्रस्तांसाठी जलविज्ञानाचे कागद चाळणारा कार्यकर्ता कोणत्या संस्थेचा ओळखपत्रधारी? आणि प्रकाशकांची मक्तेदारी मोडण्याऐवजी तिला सरकारनेच वार्षिक खंड बांधून दिला, असेही कोणी म्हणाल्यास त्याला उत्तर देणे कठीण आहे.

साय-हबच्या दाव्यात वाचक गप्प बसला नाही. जानेवारी २०२१ मध्ये शास्त्रज्ञ आणि विज्ञान-संघटना हस्तक्षेपासाठी न्यायालयापुढे गेल्या आणि प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा असल्याचे न्यायालयाने मान्य केले. त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ बंदी आली नाही. ती आली ऑगस्ट २०२५ मध्ये, पण निराळ्याच वाटेने. नवे निबंध चढविणार नाही अशी हमी एल्बाकियान यांच्या वतीने न्यायालयात दिलेली होती. तिचा भंग झाला असे न्यायालयाला आढळले आणि साय-हबसह तिचे नवे भावंड 'साय-नेट'ही बंद करण्याचा आदेश झाला. हमी देऊन मोडणाऱ्याला न्यायालयाने माफ करावे असे कोणी म्हणणार नाही. पण हमी मोडली प्रतिवादीने आणि दार बंद झाले ते वाचकावर.

वाचकाचे म्हणणे ऐकले गेले तर काय घडते, याचा दाखला याच न्यायालयात आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये दावा लावला. विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या संघटना त्यात पक्षकार झाल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये दावा फेटाळला गेला; डिसेंबरात खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा चौकशीस पाठविले, तरी शिकविण्यासाठी प्रती काढण्याचा हक्क मान्य केला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये संशोधनासह खाजगी उपयोगासाठी केलेल्या न्याय्य वापराला मुभा आहे. ती मुभा निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्यापुरतीच आहे, दुसऱ्यांचे परवलीचे शब्द वापरून कोट्यवधी निबंध साठविणाऱ्या संकेतस्थळाला ती नाही, हा प्रकाशकांचा युक्तिवाद. संकेतस्थळच नसेल तर विद्यार्थ्याने ती मुभा वापरावयाची कोठे, हा शास्त्रज्ञांचा. ऑगस्ट २०२५ चा आदेश हमीभंगावर उभा होता. या वादाचा निर्णय त्याने केला नाही. तो निर्णय शास्त्रज्ञांचे म्हणणे ऐकून लवकर व्हावा, आणि तोवर बंद पानावर दाव्याचा क्रमांक, आदेशाची तारीख आणि दाद मागण्याचे ठिकाण २०१६ च्या मुंबईच्या आदेशाप्रमाणे छापले जावे, एवढी मागणी करण्यास वाचकाला वकिलाची गरज नाही.