न मोजलेला आकडा

पांढऱ्या गणवेशात समोर बसलेल्या, नर्स होऊन निघालेल्या माझ्या मुलींनो आणि मुलांनो,

तुमचं अभिनंदन. तुम्ही अभ्यास केलात, रात्रपाळ्या केल्यात, पास झालात. तुमच्या आईवडिलांनी त्यासाठी कर्ज काढलं, त्यांचंही अभिनंदन. प्राचार्याबाईंनी मला विषय दिलाय, 'रोजच्या जीवनातली आत्मिक वाढ आणि विश्वासूपणा'. यावर पाळकसाहेब माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. मला त्यातली एकच गोष्ट खात्रीनं ठाऊक आहे, आणि ती टीपीआरच्या, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या, तक्त्यातली आहे.

२९ नोव्हेंबर १९७०, रविवार. माझ्या वयाच्या नागपूरकर ख्रिस्ती माणसाला ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी इथल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा जन्म झाला. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स, सगळे एका छताखाली आले. प्रेस्बिटेरियन परंपरेतले आम्ही होतोच. मेथडिस्टांपैकी ब्रिटिश परंपरेतले आले, अमेरिकन परंपरेतले ऐनवेळी बाहेर राहिले. आमच्या घरात सोयरीक दोन्हीकडची, त्यामुळे जेवताना ताटावर वाद व्हायचे. हे ऐक्य म्हणजे चाळीस वर्षं चाललेल्या बोलण्यांचं फळ होतं. आईनं मला पत्र लिहिलं होतं की काहीही करून ये, असा दिवस पुन्हा दिसणार नाही.

मी तेव्हा अठरा वर्षांची, पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, नागपूरपासून बऱ्याच लांबच्या एका रुग्णालयात. त्याचं नाव घेत नाही. मेट्रन, ट्यूटर, सीनियर मुली, सगळ्या नागपूरला आल्या. पहिल्या वर्षाच्या मुलींनी वॉर्ड सांभाळायचे असं ठरलं. पुरुषांच्या वॉर्डात बत्तीस खाटा आणि रात्री मी एकटी. मनात राग धुमसत होता. सारं जग कॅथेड्रलमध्ये आणि मी बेडपॅन धुतेय!

पहाटे दोनचा टीपीआर. तापमान घेतलं, ते खरं घेतलं. नाडी पंधरा सेकंद धरली आणि चारनं गुणली. श्वास मोजलाच नाही. सीनियर मुलींना मी तसंच करताना पाहिलं होतं. लाल शाईचं पेन घेतलं आणि रकान्यात खाली खाली लिहीत गेले, वीस, वीस, वीस. बत्तीस माणसं एका लयीत श्वास घेत होती म्हणायची!

अकरा नंबरच्या खाटेवर एक म्हातारेबुवा होते, न्यूमोनियाचे. त्यांचा मुलगा खाटेखाली सतरंजीवर झोपलेला. तो उठून माझ्यामागे आला आणि म्हणाला, "बाई, बाबाले दम लागून राह्यला." मी म्हटलं, आत्ताच पाहिलंय, ठीक आहे, झोपा. तो बिचारा झोपला. माझ्या टोपीवर त्याचा विश्वास होता.

सकाळी सहाला डॉक्टर आले. त्यांनी बुवांच्या मनगटावर बोटं ठेवली, छातीकडे बघत राहिले, घड्याळ पाहिलं. बेचाळीस. धावपळ झाली, ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत आणला. डॉक्टरांनी तक्ता उचलला, लाल वीस पाहिले आणि मला विचारलं, "मोजला होता?" मी म्हटलं, "हो." दुपारी बुवा गेले.

दोनला कळलं असतं तर ते वाचले असते का, हे सांगता येणार नाही. पण चार तास हातचे गेले, आणि ते मी घालवले. आणि त्या सकाळी, बुवा अजून जिवंत असताना, चॅपलमध्ये ऐक्याबद्दल उपकारस्तुतीची प्रार्थना झाली. मी तिथे उभी राहून गायले. माझा आवाज चांगला होता, सगळे कौतुक करायचे.

मुलांनो, श्वास कसा मोजायचा हे तुम्हाला येतं. पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की श्वास बदलतो. नाडीवरची बोटं तशीच ठेवायची, नजर छातीवर न्यायची, अनियमित असेल तर पूर्ण मिनिट. तब्येत ढासळू लागली की बहुधा सगळ्यात आधी श्वास बदलतो, रक्तदाब नंतर पडतो. हे आता पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरांत छापतात, तरी जगभरच्या वॉर्डांत सगळ्यात जास्त खोटा आकडा श्वासाचाच लिहिला जातो. कारण साध्या वॉर्डात तो मोजायला यंत्र नसतं, नुसतं एक मिनिट उभं राहावं लागतं.

तुम्ही म्हणाल, बाई, एक मिनिट गुणिले चाळीस पेशंट, कुठून आणायचं? बरोबर आहे. या धंद्याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी आज बोलणार. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे, शिकाऊ रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, साध्यात पाचांमागे एक, आणि रजेसाठी वर तीस टक्के. मी छत्तीस वर्षं नोकरी केली, हे प्रमाण मी फक्त तपासणीच्या दिवशी पाहिलं. त्या दिवशी दुसरीकडून मुली आणून उभ्या करत. एका ठिकाणी तर माझी मूळ प्रमाणपत्रं कपाटात कोंडून ठेवली होती, बाँड पुरा होईपर्यंत. पगारवाढ मागितली तेव्हा विश्वस्तांनी मला वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला ऐकवला. पण तो दाखला घरी नेऊन पुन्हा वाचा. शोमरोन्यानं त्या जखमीसाठी उतारशाळेवाल्याला रोख पैसे दिले, आणि जास्त खर्च आला तर परत येताना तोही देईन म्हणाला. सेवेच्या नावावर त्यानं कोणाला फुकट राबवलं नाही. ज्या संस्था दारावर क्रूस लावतात आणि नर्सच्या पगारात हात आखडतात, त्यांना हे सांगायला मी आता भीत नाही. मला आता कोणी मेमो देऊ शकत नाही.

मेमोवरून आठवलं. वॉर्ड सिस्टर झाल्यावर मी मुलींना सांगितलं, जे मोजलं ते लिहा. जे मोजता आलं नाही तिथं रकाना रिकामा ठेवा आणि खाली कारण लिहा, 'एक नर्स, एकेचाळीस पेशंट, वेळ मिळाला नाही'. महिनाभरात माझ्या वॉर्डाचे तक्ते चाळणीसारखे दिसू लागले. मला वरिष्ठांचं बोलावणं आलं. शेजारच्या वॉर्डाचे तक्ते टेबलावर मांडलेले होते, एकही जागा रिकामी नाही, सुंदर अक्षर. म्हणाले, बघा, काम असं असतं. माझ्या हातात मेमो पडला, त्यावर 'निष्काळजीपणा' असा शब्द होता. तो कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे. दीड वर्षानं त्या रिकाम्या रकान्यांच्याच आधारे मी दोन जास्तीच्या नर्स मागितल्या. एक मिळाली.

वडील या मेमोबद्दल ऐकून हिस्लॉपसाहेबांच्या गोष्टीवर गेले. ते कशावरूनही हिस्लॉपसाहेबांवर जायचे. वडील खेड्यात मास्तर होते, मिशनच्या शाळेत. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. आपलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १८८३ मध्ये निघालं आणि त्यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. शिकवणं, उपदेश करणं हे काम होतंच. शिवाय माणसाची नजर अशी, की सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड, टाकळीचे शिंपले, मांगलीच्या खाणीतली हाडं, सारं निरखून, जिथं सापडलं तिथलं नाव घालून ठेवलं. गोंडांची गाणी त्यांच्या तोंडून ऐकून उतरवली. ते कागद इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले, तोवर साहेब गेलेले होते.

४ सप्टेंबर १८६३. टाकळघाटची दगडांची जुनी वर्तुळं बघायला टेंपलबरोबर गेले होते. बाकीचे बोरीकडे परतले, हे मात्र गावातली शाळा तपासायला मागे थांबले. संध्याकाळी एकटेच घोड्यावर निघाले. पावसानं नाला चढला होता. घोडा तेवढा परत आला. सेहेचाळिसावं वर्ष पुरं व्हायला चार दिवस बाकी होते.

वडिलांच्या शाळेतही वर्षाला तपासणी व्हायची. तपासनीस जीपमधून उतरायचे, चहा प्यायचे, हजेरीपटावर सही करायचे आणि जायचे. एकाही पोराला 'वाच' म्हणायचे नाहीत. वडील पावसाळ्यात नाल्याला पूर आला की दारात उभे राहून म्हणायचे, "साहेब शाळेसाठी थांबले." एवढंच. मला लहानपणी वाटायचं, वडील पुराबद्दल बोलतात.

आता आत्मिक वाढ. प्राचार्याबाई माझ्याकडे बघताहेत. मी सांगते.

आपल्या मंडळीत साक्ष द्यायची पद्धत आहे. माणूस उभा राहतो आणि सांगतो, प्रभूनं मला बदललं, आता सारं बरं आहे. मीही अशा साक्षी दिल्या, आणि पुष्कळ वर्षं त्यांत अकरा नंबरच्या बुवांचा उल्लेख नव्हता. सगळ्या रकान्यांत वीस. मग उतारवयात मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचली. शाळेत धडा म्हणून वाचली होती तेव्हा नुसती हसले होते. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी नागपुरात काढलेले दिवस, नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत भेटलेला तो गोरा प्रवासी, त्यानं दिलेला नवा करार, हे तुम्हाला माहीत असेल. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांबद्दल त्या काय लिहितात ते वाचा. राग, रडणं, नवऱ्यापासून दूर राहणं, मग जवळ येऊनही वेगळी चूल, वेगळं पाणी, इतरांचा विटाळ. काही झाकलं नाही. नंतरच्या विश्वासाचं तेज वाढावं म्हणून आधीचं काळंही केलं नाही आणि गोरंही केलं नाही. जो श्वास जसा होता तसा लिहिला. म्हणून मला त्यांचा विश्वास खरा वाटतो.

माझी तुम्हाला विनवणी आहे, हात जोडून. न मोजलेला आकडा लिहू नका. तक्त्यात लिहू नका, आणि देवापुढेही लिहू नका. प्रार्थनेत मन लागलं नाही तर लागलं म्हणू नका, क्षमा केली नसेल तर केली म्हणू नका. रिकामी जागा रिकामी दाखवा. थोडक्याविषयी विश्वासू असण्याची गोष्ट प्रभूनं सांगितली. तिचा अर्थ मोठमोठ्या त्यागांत शोधण्यात माझी वीस वर्षं गेली, आणि तो मला घड्याळाच्या सेकंदकाट्यात सापडला. तुमच्यातले काही आयर्लंडला जातील, काही आखातात, काही गडचिरोलीला. तिकडे मॉनिटर असतील, बटण दाबलं की आकडे येतील. तरी खोटं लिहायला जागा कुठेही सापडते. मेमो मिळेल. घ्या. जपून ठेवा.

मागच्या पावसाळ्यात मी स्वतः दहा दिवस वॉर्डात पडून होते. साधा वॉर्ड, खाटा भरलेल्या, दोन पेशंट खाली गाद्यांवर. तिसऱ्या रात्री एक मुलगी आली, तुमच्याएवढी. मनगटावर लाल धागा. तिनं माझी नाडी धरली, धरलेलीच ठेवली, आणि तिची नजर माझ्या छातीवर गेली. मला कळलं ती काय करतेय, म्हणून मी छताकडे बघत पडून राहिले. पलीकडून कोणीतरी ओरडलं, "ओ सिस्टर, सलाईन संपली!" तिनं मान वळवली नाही. मोकळा हात वर करून 'थांबा' अशी खूण केली, काटा पुरा फिरू दिला, मग लिहिलं आणि पळाली.

आकडा किती आला ते मी विचारलं नाही.