शालेय पोषण आहार : नियम, ताट आणि अहिंसा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेले व्याख्यान)



जैन परंपरेने दानाचे चार प्रकार मानले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. यांपैकी आहारदान आणि ज्ञानदान एकाच छपराखाली घडावे अशी जागा शोधू गेल्यास गावची प्राथमिक शाळा डोळ्यांसमोर येते. सकाळी जेथे पाढे म्हटले जातात, त्याच ओसरीवर दुपारी पंगत बसते. ही पंगत शासन घालते आणि तिचे नियमही शासनच ठरवते. या नियमांवरून, विशेषतः अंड्यावरून, महाराष्ट्रात जो वाद झाला त्यात शाकाहारी समाजांचे, आणि त्यांबरोबर जैन समाजाचेही, नाव घेतले जाते. म्हणून या प्रश्नाचा विचार या व्यासपीठावर होणे उचित आहे. तो भावनेइतकाच हिशेबानेही व्हावा. हिशेब हा काही या समाजाला परका विषय नव्हे.

शाळेत मुलांना जेवू घालण्याची कल्पना या देशात नवी नाही. मद्रास महापालिकेने १९२० साली पी. त्यागराय चेट्टी यांच्या पुढाकाराने थाउजंड लाइट्स भागातील शाळेत असा उपक्रम मंजूर केला, तेव्हा दर मुलामागे दिवसाला एक आण्याहून अधिक खर्च होऊ नये अशी अट होती. पुढे १९५६ मध्ये कामराजांनी आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तामिळनाडूत ती योजना विस्तारली. केंद्र शासनाची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली खरी, पण बहुतेक राज्यांत ती 'जेवण' नव्हतीच. ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो कोरडे धान्य मिळे. ते घरी जाई, घरातल्या सगळ्यांच्या हंडीत पडे आणि मुलाच्या वाट्याला किती आले हे कोणी पाहत नसे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी ही स्थिती बदलली. शिजवलेलेच अन्न द्यावे, त्यात किमान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत आणि वर्षातून किमान २०० दिवस ते मिळावे, असा आदेश निघाला. त्याच प्रकरणात २० एप्रिल २००४ रोजी न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली : स्वयंपाकी नेमताना अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे. म्हणजे ताटात काय असावे एवढ्यावर न थांबता ते ताट कोणाच्या हातून यावे, येथवर विचार गेला. हा भाग पुष्कळांच्या स्मरणात नसतो.

आज जो नियम लागू आहे त्यानुसार इयत्ता पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावयास हवीत. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने हे आकडे परिशिष्टात घालून त्यांना कायद्याचे बळ दिले. लहान मुलासाठी जिन्नसांचे प्रमाण असे : धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम.

आता या १२ ग्रॅम प्रथिनांची फोड करून पाहावी. शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ७ ते ८ ग्रॅम प्रथिने असतात. वीस ग्रॅम तूरडाळीत साडेचारच्या आसपास. बेरीज बाराला जाऊन भिडते. नियम पुरा होतो, परंतु त्यातला मोठा हिस्सा तांदळाचा असतो. तांदळात जे आवश्यक अंश कमी असतात ते डाळ भरून काढते आणि डाळीतले उणे तांदूळ भरून काढतो. आजीच्या वरणभातातले हे शहाणपण खोटे नाही. पण ते शहाणपण डाळीच्या प्रमाणावर उभे आहे. खिचडी पातळ झाली, वीस ग्रॅमांच्या ठिकाणी दहाच ग्रॅम डाळ पडली, तर कागदावरचा नियम शाबूत राहतो आणि मूल मात्र पिवळ्या पाण्यातला भात खाऊन उठते. ही गळती वहीत दिसत नाही, कारण वहीत ग्रॅम लिहिलेले असतात आणि पातेल्यात अंदाज असतो.

पैशांचे गणितही असेच काटेकोर आहे. केंद्राने १ मे २०२५ पासून प्राथमिक वर्गासाठी सामग्रीचा दर मुलामागे, दिवसाला ६ रुपये ७८ पैसे ठरविला. धान्य यातून निराळे मिळते. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन या रकमेत बसवायचे. डाळ किलोला १२० रुपये धरली तर वीस ग्रॅमांचे २ रुपये ४० पैसे झाले. भाजी ४० रुपये किलोने २ रुपये, तेल १४० रुपयांनी ७० पैसे. राहिले १ रुपया ६८ पैसे. त्यात मीठ, मिरची, हळद आणि चुलीचा जाळ. बाजारभाव थोडा चढला की पहिला घाव डाळीवर पडतो. अंड्याचा वाद समजून घ्यायचा तर हा आकडा समोर असणे अवश्य आहे, कारण सहा रुपयांचे एक अंडे म्हणजे जवळजवळ संपूर्ण दिवसाचा खर्च.

महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक दिवस अंडे देण्याचा निर्णय घेतला. जे मूल अंडे खात नाही त्याला केळे किंवा स्थानिक फळ द्यावे, अशी तरतूद त्यातच होती. विरोध झाला, निवेदने गेली. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यासाठी स्वतंत्र निधी देणे थांबविले आणि ज्या शाळांना अंडे द्यायचे असेल त्यांनी ते लोकसहभागातून द्यावे असे सांगितले. गोड पदार्थाच्या साखरेचीही तीच वाट लावण्यात आली. हा वाद महाराष्ट्रापुरता नव्हता. मध्य प्रदेशात २०१५ साली अंगणवाडीतील अंड्याचा प्रस्ताव मुख्यमंत्र्यांनीच नाकारला होता. कर्नाटकात डिसेंबर २०२१ मध्ये उत्तरेकडील मागास जिल्ह्यांत अंडी सुरू झाली तेव्हा काही मठाधिपतींनी कडाडून विरोध केला. तेथील शासन मात्र मागे हटले नाही आणि न खाणाऱ्यांना केळे किंवा शेंगदाण्याची चिक्की देऊ लागले. तामिळनाडूत तर अंडे १९८९ पासून ताटात आहे आणि न खाणाऱ्या मुलाला तेथे केळे मिळते.

शाकाहारी पालकांच्या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. व्रतस्थ घरातले आठ वर्षांचे मूल पंगतीला बसते, शेजारच्या ताटात अंडे येते, वाढणारी बाई तोच हात, तीच पळी वापरते. मोठ्या माणसाला हे सावरता येते. मुलाला येत नाही. दुसरी ओळ केली तर ते एकटे पडते, नाही केली तर अस्वस्थ होते. निराळे पातेले, निराळी पळी आणि अपमान न होता मिळणारा पर्याय हा त्या मुलाचा हक्क आहे, उपकार नव्हे. 'न फलणारे अंडे शाकाहारीच असते' हा युक्तिवाद तर येथे सोडूनच द्यावा. ज्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे त्याला तिची व्याख्या दुसऱ्याने शिकवू नये.

पण आक्षेपाची एक दुसरीही बाजू आहे आणि ती समाजाच्या सभांत क्वचितच बोलली जाते. जे मूल अंडे खाते, ज्याच्या घरी दूध पोहोचत नाही आणि डाळ रोज शिजत नाही, त्याच्या ताटातून ते अंडे निघाले तर तेथे काय आले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर शंभर बालकांत ३५ वाढ खुंटलेली आणि ३६ कमी वजनाची आढळली. हीच बालके पुढे शाळेच्या ओसरीवर येऊन बसतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिने असतात आणि ब-१२ जीवनसत्त्व असते. केळ्यात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम. केळे हे चांगले फळ आहे, परंतु अंड्याच्या जागी केळे ठेवून बरोबरी झाली असे जो सांगतो, तो मुलाला फसवितो आणि शाकाहाराचा पक्षही दुबळा करतो.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत बंध, वध, छेद आणि अतिभारारोपण यांच्याबरोबर अन्नपाननिरोध हाही एक आहे. परंपरेने त्याचा अर्थ दावणीला बांधलेल्या जनावराच्या किंवा आश्रिताच्या संदर्भात लावला जातो. ज्याला स्वतःहून अन्न मिळविता येत नाही त्याचे अन्न अडविणे, असा त्याचा गाभा आहे. शाळेतले मूल याहून निराळे कोठे असते? एखादे निवेदन सादर होते, ताटातला एक पदार्थ जातो आणि त्याच्या तोलाचे काहीही तेथे येत नाही. तेव्हा एका जीवाची हिंसा टळल्याचे समाधान मानणाऱ्याने हा पाचवा अतिचारही स्वतःला लावून पाहिला पाहिजे. अंड्याला नकार देण्याचा अधिकार व्रताने मिळतो. नकारानंतर रिकामी राहिलेली जागा भरण्याची जबाबदारीही त्याच व्रतातून येते.

ही जबाबदारी ओळखणारी माणसे याच समाजाने दिली आहेत. जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र वाढविली. मुलांच्या जेवणाला पैसे उरले नाहीत तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडले. या मुलांपैकी कोण कोणत्या घरचे, हा हिशेब त्या माउलीने मांडला नाही.

तेव्हा पर्यायाचा हिशेब मांडू या. दोनशे मिलिलिटर दुधात ६ ग्रॅमांच्या वर प्रथिने आणि ब-१२ दोन्ही मिळतात. कर्नाटकाने २०१३ पासून शाळांत दूध देऊन दाखविले आहे. पण लिटरला ५० रुपये धरले तरी एका मुलाचे दूध १० रुपयांना पडते, म्हणजे अंड्याहून महाग. २५ ग्रॅम शेंगदाण्यांतही सहा ग्रॅमांच्या वर प्रथिने असतात. (भुईमूग जमिनीखाली लागतो म्हणून कोणी दचकू नये, कंदमुळांत त्याची गणना नाही.) १४० रुपये किलोचे शेंगदाणे साडेतीन रुपयांचे आणि गूळ पाऊण रुपयाचा, म्हणजे चिक्कीचा जिन्नस सव्वाचार रुपयांत येतो. ब-१२ मात्र शेंगदाण्यात नसते, हे लपवू नये. त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी दूध हवेच. शंभर मुलांच्या शाळेत आठवड्यातून दोनदा चिक्की द्यायची तर ८५० रुपये लागतात, शाळेच्या चाळीस आठवड्यांना ३४ हजार. एका दिवसाचे दूध धरले तर वर्षाला आणखी ४० हजार. एकूण ७४ हजारांत एका गावच्या शाळेचा प्रश्न सुटतो. समाजातल्या एखाद्या मोठ्या स्वामीवात्सल्याच्या मंडप-रोषणाईचा खर्च यापुढे ठेवून पाहावा.

शासनाच्या योजनेत यासाठी वाटही आहे. गुजरातेत जिला तिथीभोजन म्हणतात आणि महाराष्ट्रात स्नेहभोजन, तीत कोणीही नागरिक किंवा संस्था शाळेच्या जेवणात भर घालू शकते. बहुधा ही भर वाढदिवसाच्या जिलेबीच्या रूपाने येते. मुले आनंदाने खातात, छायाचित्र निघते, दुसऱ्या दिवशी खिचडी पूर्ववत पातळ असते. न्यासांनी जिलेबीची तिथी न धरता वर्षभराची चिक्की धरावी, अशी विनंती करण्यासारखी आहे. ती नेहमीच्या जेवणाच्या जागी नव्हे, जेवणाबरोबर द्यावी, नाहीतर कंत्राटदार डाळ आणखी कमी करील. शाळा व्यवस्थापन समितीला आधी विचारावे; ज्या मुलांना अंडे हवे आहे त्यांना गाव लोकवर्गणीतून ते देत असेल तर त्यात आडवे येऊ नये. शेंगदाणे कोंदट कोठीत राहिले की बुरशी धरतात, म्हणून साठा महिन्याचा न देता आठवड्याचा द्यावा. चिक्की शहरातून पुडक्यांत न आणता गावच्या बचत गटाकडून करून घ्यावी. स्वयंपाकी-मदतनीस बाईचे केंद्राने २००९ मध्ये ठरविलेले मानधन महिन्याला एक हजार रुपये आहे, तेही वर्षातले दहा महिने. काही राज्ये त्यात भर घालतात, तरी सकाळी पाणी भरण्यापासून दुपारी शंभर ताटांपर्यंतच्या कामाला ते पुरे पडत नाही. गुळाचा पाक तिला येतोच. भाजण्या-लाटण्याची मजुरी हिशेबात निराळी धरावी आणि ती तिच्या हाती रोख द्यावी.