व्हिक्टोरिया गेल्या, गाडीवाल्यांचं काय?

गेटवेजवळच्या त्या चंदेरी व्हिक्टोरिया आठवतात? तापलेला डांबरी रस्ता, हॉर्न, आणि त्यात घोडा. प्राणीमित्रांनी कोर्टाची वाट धरली. ८ जून २०१५ ला मुंबई हायकोर्टाने हौसेपुरत्या या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, बंद करायला एक वर्ष दिलं. मला आवडलं ते पुढचं: गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाची योजनाही करा, असं कोर्टाने सरकारला सांगितलं. २०२१ मध्ये बॅटरीवरच्या व्हिक्टोरिया आल्या.

आपण मात्र रीलखाली चाबूकवाल्याला शिव्या घालतो आणि स्क्रोल करतो. अरे, त्याचंही पोट आहे ना! आणि १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. वडापावचे पैसे!

माथेरानला अजून घोडे आहेतच. बसण्याआधी पाठ बघा. जखम दिसली तर नीट बोला, "दादा, आज याला आराम द्या."